लाल खुणांची भीती

घनसावंगीतल्या एखाद्या शाळेचा संगणक कक्ष डोळ्यांसमोर आणा. दुपारी अचानक वीज जाते आणि संगणक बंद पडतो. वीज आल्यावर तो पुन्हा सुरू होतो, मुले कामाला लागतात. काहीच बिघडलेले नसते. परंतु विंडोज प्रणालीत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक नोंदवही असते. तिच्यात या घटनेपुढे लाल खूण उमटते. प्रिंटरने उत्तर दिले नाही, एखादी आज्ञावली उशिरा सुरू झाली, जोडणी तुटली, की अशाच लाल-पिवळ्या खुणा. दुरुस्ती करणाऱ्याला उपयोगी पडावी म्हणून ही वही आहे. धडधाकट संगणकातही अशा खुणा ढिगाने सापडतात.

या निरुपद्रवी खुणांवर जगभर एक फसवणूक उभी राहिली. तिचा इतिहास विज्ञान शिकवणाऱ्याने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. कारण तिच्यात निरीक्षण खरे असते, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा असतो.

सुरुवात बरीच जुनी. डिसेंबर 1989 मध्ये लंडनहून सुमारे 20,000 फ्लॉपी टपालाने अनेक देशांत रवाना झाल्या. एड्सबद्दल माहिती देणारी आज्ञावली, असे त्यांवर लिहिलेले होते. संगणक सुमारे 90 वेळा सुरू केला की ती आज्ञावली फाइलींची नावे बदलून टाकी आणि 189 डॉलर पनामातील एका टपालपेटीवर पाठवा, असा हुकूम पडद्यावर येई. रोग देणारा आणि औषध विकणारा एकच!

पुढे इंटरनेट आले आणि खरा रोग देण्याचीही गरज उरली नाही. नुसती भीती पुरू लागली. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहेत’ असे सांगणारी खोटी तपासणी पडद्यावर दाखवायची आणि खोटे विषाणूरोधक विकायचे. 2008 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा एका जाळ्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यात दहा लाखांहून अधिक ग्राहक फसले होते.

याच सुमारास पडद्याची जागा माणसाच्या आवाजाने घेतली. ‘मी नामांकित संगणक कंपनीतून बोलतोय, तुमच्या यंत्रातून धोक्याचे संदेश येताहेत,’ असा फोन येई. समोरचा माणूस तुम्हालाच नोंदवही उघडायला लावी, तुम्हालाच लाल खुणा मोजायला सांगे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले म्हटल्यावर कोण शंका घेणार? मग दूरवरून संगणक हाताळण्याची आज्ञावली उतरवून घ्यायला सांगितले जाई आणि किल्ली त्याच्या हाती जाई. ऑक्टोबर 2012 मध्ये त्याच आयोगाने अशा सहा कारवाया जाहीर केल्या. एकेका ग्राहकाकडून 49 ते 450 डॉलर उकळले गेले होते आणि यांतल्या बहुतेक टोळ्या भारतातून चालत होत्या.

महाराष्ट्राला या धंद्याचे आकारमान कळले ते ऑक्टोबर 2016 मध्ये. ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले, तेव्हा तेथे सातशेहून अधिक कर्मचारी सापडले. त्यांपैकी 70 जणांना अटक झाली. येथे संगणकाऐवजी कराची भीती वापरली जात होती. अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून ‘तुमचा कर थकला आहे, पोलीस निघाले आहेत’ असे सांगितले जाई. भीती निराळी, पण पद्धत तीच. त्याच महिन्यात अमेरिकेनेही अशाच बतावणीच्या एका मोठ्या प्रकरणात 56 व्यक्ती आणि अहमदाबादेतील 5 कॉल सेंटरे यांच्यावर आरोपपत्र ठेवले.

परदेशी माणसांवर चालवलेले हे हत्यार लवकरच घराकडे वळले. 2016 मध्ये यूपीआय सुरू झाले आणि बँक खिशातल्या फोनमध्ये आली. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’सारख्या, दूरवरून फोन हाताळू देणाऱ्या ॲपच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केले. ते ॲप मुळात दुरुस्तीसाठीच आहे. प्रश्न असतो किल्ली कोणाच्या हाती दिली याचा. आता तर पीएम किसानच्या किंवा वाहनदंडाच्या नावाने ‘एपीके’ फाइली व्हॉट्सॲपवर येतात. म्हणजे घनसावंगीतल्या शेतकऱ्यालाही लाल खूण दाखवली जाते आहे.

ओळखायचे कसे? एकच प्रश्न विचारावा : संभाषण कोणी सुरू केले? बिघाडाची बातमी आणि त्यावरचा उपाय एकाच अनोळखी माणसाकडून, तेही घाईने आले, तर फोन ठेवावा. खात्री करायचीच असेल, तर बँकेच्या कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा.

आणि फसलोच तर? प्रथम इंटरनेट तोडावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते, कार्ड व यूपीआय थांबवावे आणि 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर सरकते. ती वाटेतच अडवता यावी म्हणून ही व्यवस्था 2021 पासून उभी राहिली. त्यामुळे पहिले काही तास मोलाचे. संदेश, क्रमांक, व्यवहाराची नोंद पुसू नये. ते ॲप काढून टाकावे, जाणकाराकडून यंत्र तपासून घ्यावे आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. ‘बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन नंतर येतो, तो त्याच कथेचा दुसरा अंक असतो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातील तत्त्वही लक्षात घेण्यासारखे आहे : आपल्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान कळवण्यापूर्वीपर्यंत आपले, कळवल्यानंतर झालेले बँकेचे. म्हणजे लाजेने गप्प बसलेला प्रत्येक तास महाग पडतो.

शेवटी एक प्रयोग. वर्गातल्या प्रत्येक गटाला वेगवेगळ्या चालू संगणकावर इव्हेंट व्ह्यूअर उघडू द्या आणि लाल खुणा मोजू द्या. मग विचारा : ज्या संगणकांत काहीच बिघाड नाही, त्यांतही खुणा सापडल्या, तर लाल खूण हा बिघाडाचा पुरावा ठरतो का? प्रयोगात तुलनेसाठी निरोगी नमुना का ठेवायचा, हे मुलांना त्या एका तासात समजेल. घरी गेल्यावर ती आजोबांनाही सांगतील.