प्रदर्शनात मांडलेला कारागीर, जत्रेत बसलेला कारागीर

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. तेथे व्हिक्टोरिया राणीचा ऑस्बोर्न हाउस हा प्रासाद आजही उभा आहे आणि त्यात एका वृद्ध हिंदी कुंभाराचे लहानसे व्यक्तिचित्र आहे. नाव बक्षीराम, गाव आग्रा. वय, तेव्हाच्या नोंदीनुसार, १०२ वर्षे! रुडॉल्फ स्वोबोडा या ऑस्ट्रियन चित्रकाराने ते १८८६ साली राणीच्या इच्छेवरून रंगवले. शंभरी उलटलेला हा कुंभार सातासमुद्रापलीकडे कशासाठी गेला होता? आपली मडकी विकण्यासाठी गेला असेल, असा कोणाचा समज होईल. पण तेथे त्यालाच मांडून ठेवण्यात आले होते. हातचे काम लोकांना दाखवणे आणि ते स्वतः विकणे यांत केवढे अंतर आहे, ते आजच्या धाग्यात पाहू.

मे १८८६ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात ‘कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन’ भरले. पन्नास लाखांहून अधिक प्रेक्षक आले. भारतीय विभागाच्या प्रांगणात तीसेक कारागीर ओळीने बसवले होते. राजवाड्यांच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या काम करणारे अस्सल कारागीर, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक जण आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातील कैदी होते! तुरुंगाचे अधीक्षक डॉ. टायलर त्यांना घेऊन आले होते. कैद्यांना गालिचे विणण्यासारखे हुन्नर शिकवून काम करवून घेण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. आपल्या येरवड्याच्या तुरुंगातील गालिचेही प्रसिद्ध होते. बंगाली लेखक आणि सरकारी अधिकारी त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय या प्रदर्शनाच्या कामानिमित्त लंडनला गेले होते. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्यांनी तेथील गर्दीचे कुतूहल मिस्किलपणे टिपले आहे. ती गर्दी कारागिरांकडे तर पाहतच होती, पण खुद्द मुखोपाध्यायांकडेही टक लावून पाहत होती.

या तुरुंगी गालिच्यांवर कडाडून टीका करणारा एक इंग्रज होता, जॉर्ज बर्डवुड. जन्म बेळगावचा, १८३२ चा. मुंबईच्या राणीच्या बागेतील संग्रहालयाच्या (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) उभारणीत त्याचा मोठा वाटा. १८८० मधील भारतीय कलाकौशल्यावरील आपल्या ग्रंथात त्याने खेड्यातल्या कारागिराचे फार मोहक चित्र रंगवले: बाजाराच्या धकाधकीपासून दूर, समाधानाने चाक फिरवणारा कुंभार. बर्डवुडची कळकळ खरी होती, पण हे चित्र मला कधीच पटलेले नाही. आपल्याकडचा बलुतेदार सुगीला धान्याचा वाटा घेत असे, हे खरे. तरी आठवडे बाजार आणि गावोगावच्या जत्रा कोणासाठी भरत होत्या? पंढरीच्या बाजारात घोंगडी मांडून बसणाऱ्याला गिऱ्हाईक, भाव आणि घासाघीस यांची पुरेपूर जाण होती. विक्री ही त्याच्या कसबाचाच भाग होती. त्याला विकता येत नाही, हा समज त्याच्या वतीने विकणाऱ्यांना सोयीचा होता, एवढेच.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्ष झाल्या. फाळणीने, गिरणीच्या मालाने आणि आटलेल्या राजाश्रयाने मोडकळीला आलेल्या कितीतरी कला त्यांनी धुंडाळून काढल्या. दिल्लीतील कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियमसारख्या दुकानांमुळे त्या मालाला शहरी गिऱ्हाईक मिळाले. हे ऋण मोठे आहे. मात्र एम्पोरियमच्या फडताळावर वस्तू असते, करणारा नसतो. खासगी दुकानांत तर माल बहुधा जंगडावर जाई, म्हणजे विकला गेला तर पैसे, नाही तर महिन्यांनी माल परत. विणकराचे भांडवल असे दुसऱ्याच्या काचेच्या कपाटात अडकून पडे, आणि ग्राहकाने ती साडी हातात घेऊन का ठेवून दिली, हे त्याला कधीच कळत नसे.

येथे एका मराठी माणसाची आठवण ठेवायला हवी. १९६६–६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला बिहारच्या मिथिला भागात पाठवले. भिंतीवर चित्रे काढणाऱ्या स्त्रियांना त्यांनी कागद दिला. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो, इतका साधा तो विचार होता. जितवारपूरच्या सीतादेवी आणि जगदंबादेवी, रशीदपूरच्या गंगादेवी ही नावे त्यातून देशाला कळली. याच कुलकर्णींनी पुढे डहाणूजवळच्या गंजाड गावातील जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे मुंबई-दिल्लीच्या रसिकांपर्यंत नेली. लग्नाचा चौक पूर्वी सुवासिनी लिहीत. मशे यांनी त्या लेखणीला रोजचे जीवन दाखवले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

१९८५ मध्ये भारत महोत्सवानिमित्त वॉशिंग्टनला ‘मेला’ उभारला गेला. त्याची कल्पना राजीव सेठी यांची. बक्षीरामानंतर सुमारे शंभर वर्षांनी पुन्हा हिंदी कारागीर परक्या गर्दीसमोर बसले. त्यांत गंगादेवी होत्या. पण या वेळी त्यांनीही त्या गर्दीकडे पाहिले. परत आल्यावर त्यांनी अमेरिकेची चित्रे काढली, त्यांत रोलर कोस्टरही आहे! मिथिलेच्या रेषेत उतरलेला तो पाळणा पाहिला की स्वोबोडाने रंगवलेला बक्षीराम आठवल्यावाचून राहत नाही.

याच दशकात मायदेशी जत्रेचे नवे रूप घडत होते. लैला तय्यबजी आणि सहकाऱ्यांची ‘दस्तकार’ संस्था १९८१ ची, जया जेटली यांची ‘दस्तकारी हाट समिती’ १९८६ ची, हरियाणातील सूरजकुंड मेळा १९८७ चा. मार्च १९९४ मध्ये दिल्लीत, एका झाकलेल्या नाल्यावरच्या सहा एकर जागेत, ‘दिल्ली हाट’ उघडला. त्यातला कळीचा नियम साधा आहे. गाळा कायमचा कोणाचाच नाही. कारागीर माफक भाडे भरून १५ दिवस बसतो आणि नंतर दुसऱ्याला जागा देतो.

या १५ दिवसांत काय घडते? रोख पैसा हाती येतो, हे पहिले. पण गल्ल्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे प्रश्न: रंग जाईल का, याहून लहान मिळेल का, असे दुसरे करून द्याल का. एका ‘हे फार जड आहे’मधून पुढच्या हंगामाचा नमुना ठरतो. शिवाय भाव तो स्वतः सांगतो. एका शालीला किती दिवस लागले, हे सांगायला त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा कोण?

सारेच गोड आहे असे मात्र नाही. कारागिरांच्या नावावर व्यापारी गाळे बळकावतात, ही दिल्ली हाटाबद्दलची जुनी तक्रार आहे. पावसाने दोन दिवस खाल्ले तर प्रवासखर्चही निघत नाही. शिल्लक गाठोडे पुन्हा डोक्यावरून घरी न्यावे लागते. मॉलमध्ये लेबलावरची किंमत मुकाट्याने देणारे येथे येऊन निम्म्या भावाला मागतात. पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये चक्कर मारा, दहा मिनिटांत हे दृश्य दिसेल.

२०२० मध्ये टाळेबंदीने जत्रा बंद पाडल्या. त्याच वर्षी सरकारने १९५२ चे ते हस्तकला मंडळही विसर्जित केले. त्या महिन्यांत अनेक कारागिरांनी घरी पडून असलेल्या मालाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून थोडीफार विक्री केली. ते ज्यांना पाठवले, त्यांतले कितीतरी क्रमांक पूर्वीच्या जत्रांत गिऱ्हाइकांनीच वहीत लिहून दिलेले होते.