जुन्या तारेची गुंडाळी

नांदेड-लातूरकडे शेताच्या कडेने बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी घालण्याची रीत जुनी आहे. काही पावसाळ्यांत तिला वाळवी लागते, ती कुजते आणि तिची माती होते. काटेरी तारेचे तसे नाही. कुंपण मोडले तरी तार उरते; म्हणून ती गुंडाळावी लागते.

ही तार अमेरिकेतली. तेथील गवताळ मैदानांत झाडे विरळ, त्यामुळे लाकडी कुंपण परवडत नसे. काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण वाढायला वर्षे लागत. १८६७ पासून तारेला काटे बसवण्याची पेटंटे निघू लागली, पण काटे जागेवरून सरकत. इलिनॉयमधील शेतकरी जोसेफ ग्लिडन याने काटे बसवलेल्या तारेभोवती दुसरी तार पिळली आणि ते पक्के केले. २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला पेटंट मिळाले. पिळाचा आणखी एक लाभ झाला. ३०० मीटर पोलादी तार ३० अंशांनी तापली, की सुमारे ११ सेंटिमीटर वाढते. पिळलेली तार स्प्रिंगप्रमाणे ताणली-आखडली जाऊन हा फरक बराचसा सामावून घेते.

तार टिकते ती जस्तामुळे. लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या कृतीचे पेटंट सोरेल याने १८३७ साली फ्रान्समध्ये घेतले होते. ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. जस्त संपले, की गंज सुरू होतो.

जुनी तार गुंडाळताना हे सारे हाताला कळते. थोडी वाकवली तर ती उसळून सरळ होते, म्हणून गुंडाळीचे टोक लगेच बांधावे लागते. गंजलेल्या जागी मात्र ती पटकन तुटते. काटा टोचला तर धनुर्वाताची भीती असते. पण तो गंजाने होत नाही. त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत व शेणात असतात. किटासाटो याने १८८९ साली हे जंतू वेगळे करून वाढवले. म्हणून जाड हातमोजे हवेत, लसही हवी.

तार रानात तशीच सोडली तर मातीआड जाते, बैलाच्या पायात रुतते, औतात अडकते. गुंडाळून भंगारात दिली तर तिचे पुन्हा पोलाद होते. जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून सळया बनतात. कुपाटीची माती निसर्ग करतो, तारेचे काम आपल्यालाच पुरे करावे लागते.

वर्गात एक साधा खिळा आणि एक ओरखडा पाडलेला जस्ताचा खिळा मिठाच्या पाण्यात वेगवेगळे ठेवावेत. आठवडाभरात फरक विद्यार्थ्यांनीच सांगावा.