कळा थांबल्या म्हणजे

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५६ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याच्या दवाखान्याला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. आमच्या कन्नडकडची अडलेली बाई बैलगाडीतून फाट्यावर आणायची अन् तिथून मिळेल त्या गाडीनं घाटीत न्यायची, अशी रीत होती. 'सिझर' हा शब्द गावात आला तो असा.

पण सिझर झालेल्या बाईचं पुढचं बाळंतपण कसं सांभाळायचं, हे गावाला ठाऊक नव्हतं. पहिली खेप माहेरी, म्हणून सिझरही तिकडेच अन् कागदही तिकडेच. दुसरी खेप सासरी. आमच्या गल्लीतल्या एका सुनेचं असंच झालं. जोराच्या कळा एकाएकी थांबल्या. सासू म्हणाली, "पड पोरी, घटकाभर इसावा घे." सुईणीनं पोटावर हात ठेवला अन् तिचा चेहराच उतरला. "लेकराचा पाय कातड्याखालीच लागतोय. गाडी काढा!" बाई वाचली, लेकरू गेलं. गर्भपिशवी जुन्या टाक्यावर फाटली होती.

एकदा सिझर झालं की पुढंही सिझरच, असं न्यूयॉर्कच्या डॉ. क्रेगिन यांनी १९१६ साली लिहिलं होतं. तेव्हा पिशवीला वरच्या भागात उभा छेद देत. पुढं ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या भागातल्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला. तो व्रण कमी फाटतो. कळा सुरू झालेल्या साधारण दोनशे बायकांत एखादीचा. म्हणून आज डॉक्टर काहींना नैसर्गिक बाळंतपणाची मुभा देतात, पण जिथं ऑपरेशनची अन् रक्ताची सोय आहे तिथंच.

पिशवी फाटताना बहुतेकदा आधी बाळाचे ठोके बिघडतात. दोन कळांच्या मधेही दुखणं थांबत नाही. जुन्या टाक्यावर कळ येते, नाडी पळते, खाली आलेलं डोकं परत वर सरकतं. रक्त बाहेर दिसेलच असं नाही. ते पोटात साठतं. कळा थांबणं हा तेव्हा इसावा नसतो. बाळाच्या हाती मिनिटंच उरलेली असतात.

पोटावरचा व्रण आडवा असला तरी आतला छेद उभा असू शकतो. खरं काय ते कागदच सांगतो. सातबारा आपण पेटीत जपतो. सिझरचा कागदही तसाच जपावा, अन् लेक सासरी निघाली की तिच्या पिशवीत आठवणीनं घालावा.