'येणार म्हणे' : रिकाम्या दुकानाचा इतिहास

मराठीत ऐकीव गोष्टीची जबाबदारी न घेता ती पुढे सरकवण्यासाठी एक फार सोयीचा शब्द आहे, 'म्हणे'. कोण म्हणे, केव्हा म्हणे, कशावरून म्हणे, हे सांगण्याचे बंधन त्यात नाही. त्याच्या आधी 'येणार' हे क्रियापद बसवले की वाक्य भविष्याकडे तोंड करून उभे राहते. मुळशी तालुक्यातील माण आणि शेजारच्या हिंजवडीच्या परिसरात एखादे मोठे किराणा-दालन बंद पडले, फलक उतरला, काचेला आतून वर्तमानपत्रे चिकटली, की हे दोन शब्द जोडीने ऐकू येऊ लागतात. डी-मार्ट येणार म्हणे. रिलायन्स येणार म्हणे. नाही, वर जिम आणि खाली औषधांचे दुकान येणार म्हणे.

या कुजबुजीला इतिहासाचे साधन मानता येईल का, असा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. अफवा हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मूळ अरबीत त्याचा अर्थ 'तोंडे' असा आहे. वदंता हा संस्कृत वळणाचा शब्द 'वद्' या धातूशी नाते सांगतो. दोन्ही शब्दांत बोलणारा अनेकवचनी आणि अनामिक आहे. बखरींकडे आपण केवळ घटनांची नोंद म्हणून पाहत नाही, त्या काळच्या समाजाला काय खरे वाटत होते याचा पुरावा म्हणूनही पाहतो. तीच दृष्टी रिकाम्या दुकानाभोवतीच्या तर्कांना लावली तर काय हाती लागते, ते पाहू.

माणच्या बाबतीत 'येथे काय येणार?' हा प्रश्न दुकानांच्या कितीतरी आधीचा, जमिनीइतका जुना आहे. हिंजवडी परिसरात आधी सहकारी साखर कारखाना व्हायचा होता. कारखान्याच्या भूमिपूजनाच्या वेळीच ही जागा माहिती-तंत्रज्ञान उद्योगासाठी राखण्याचा विचार आपण मांडला, ही आठवण शरद पवार यांनी जाहीर भाषणांतून अनेकदा सांगितली आहे. संत तुकाराम सहकारी साखर कारखाना पुढे कासारसाई-दारुंब्रे येथे उभा राहिला आणि हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आला. त्याचा तिसरा टप्पा माणच्या शिवारापर्यंत पोचला. म्हणजे ज्या पिढीने उसाच्या गाडीची वाट पाहिली, तिच्या दारात कंपन्यांच्या बसगाड्या येऊन थांबल्या. पुढे माण-म्हाळुंगे नगररचना योजना आली. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गिकेचे भूमिपूजन २०१८ च्या डिसेंबरात झाले. प्रत्येक वेळी आधी वदंता, मग नकाशा, मग मोजणी आणि अखेरीस भिंत, असा क्रम राहिला. अशा गावाने वदंतेला क्षुल्लक का मानावे? येथे ज्याला बातमी आधी कळली त्याची जमीन टिकली किंवा चांगल्या भावाने गेली, आणि ज्याला उशिरा कळली त्याच्या वाट्याला हळहळ आली. शहरी माणसाला जी निव्वळ कंडी वाटते, ती या गावासाठी व्यवहाराची गोष्ट असते.

आता थोडे मागे जाऊ. बाजाराची इमारत आणि तिच्याभोवतीची चर्चा यांचा पुण्यातील सर्वांत लक्षणीय प्रसंग एकोणिसाव्या शतकातील आहे. शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरणारी भाजी-मंडई हलवून तिच्यासाठी पक्की इमारत बांधावी, असे नगरपालिकेने ठरवले. १८८६ साली ती इमारत खुली झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. १८७६ ते १८८३ या काळात जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या इमारतीवरील खर्चाला त्यांनी विरोध केला होता. गरिबांच्या शिक्षणाची गरज समोर असताना इमारतीवर पैसा का घालायचा, हा त्यांच्या विरोधाचा गाभा. काळाचा विनोद असा, की तीच वास्तू आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.

या विनोदापेक्षा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्या वादाची रचना. 'येथे कोण येणार' असा तो वाद नव्हता. 'आम्हांला काय हवे, आणि पैसा आमचा असेल तर तो कशावर जावा' असा तो होता. बाजाराची इमारत ही सार्वजनिक बाब होती, म्हणून तिला विरोधही करता येत होता. विरोध करणाऱ्याला बसायला सभागृहात एक जागा होती.

दुसरा टप्पा मुंबईतील नायगावचा. १९४८ साली तेथील कामगार वस्तीत ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिच्यातून 'अपना बाजार' आकाराला आला. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते, धान्याची टंचाई होती, काळाबाजार बोकाळला होता. अशा वेळी रास्त भावाचे दुकान कोणीतरी येऊन उघडेल, याची वाट न पाहता कामगारांनी ते स्वतः उघडले. येथे ग्राहक हाच सभासद होता. दुकान चालले नाही तर सर्वसाधारण सभेत जाब विचारण्याचा हक्क त्याला होता. सहकारी भांडारांचे पुढे काय झाले, त्यांत शैथिल्य कसे आले, तो स्वतंत्र विषय आहे. मात्र याच अपना बाजारची नेरुळ येथील फ्रँचायझी १९९९ च्या सुमारास राधाकिशन दमाणी यांनी चालवून पाहिली, आणि २००२ मध्ये पवईत त्यांचे पहिले डी-मार्ट सुरू झाले. सहकारी भांडार आणि खासगी दालन यांच्यामधला हा दुवा आपल्या सामाजिक इतिहासात पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. माणमध्ये आज ज्या नावाची वाट पाहिली जाते, त्या नावाच्या मागे एका कामगार चळवळीचे दुकान उभे आहे.

तिसरा टप्पा भाड्याचा. येथे कायद्याचे एक कलम ध्यानात घ्यावे लागते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडेकरूला जे संरक्षण मिळाले, त्याने घरमालक जागा भाड्याने देण्यास कचरू लागले होते. एकदा दिलेली जागा परत मिळेल, याची शाश्वती नव्हती. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्याने एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भागभांडवल असलेल्या कंपन्यांना या संरक्षणातून वगळले. एकीकडे मध्यमवर्गाच्या हाती पैसा खुळखुळत होता, गृहसंकुले उभी राहत होती. दुसरीकडे मोठ्या कंपनीला मोठी जागा देणे मालकाच्या दृष्टीने कमी जोखमीचे झाले. पुढील काही वर्षांत भाड्याच्या जागेत साखळी-दुकाने झपाट्याने पसरली, त्यामागे हेही एक कारण मानता येईल.

जी गोष्ट भाड्याने येते ती भाडे थकले की जाते. १९९७ साली चेन्नईत सुरू झालेली 'सुभिक्षा' ही साखळी २००८ पर्यंत देशभरात सुमारे १६०० दुकानांपर्यंत पोचली. २००९ च्या आरंभी पैशाचा ओघ आटला. पगार, भाडी, पुरवठादारांची देणी थकली आणि दुकाने बंद पडली. 'बिग बझार'चे उदाहरण त्याहून मोठे. २००१ मध्ये सुरू झालेल्या या दालनांनी एका पिढीला ढकलगाडी घेऊन किराणा निवडायला शिकवले. २०२० च्या ऑगस्टमध्ये फ्यूचर समूहाने आपला किरकोळ व्यवसाय रिलायन्सला २४,७१३ कोटी रुपयांना विकण्याचे जाहीर केले. ॲमेझॉनने हरकत घेतली, प्रकरण लवादापुढे आणि न्यायालयात गेले. दरम्यान भाडी थकली. रिलायन्सने अनेक जागांचे भाडेपट्टे आपल्या नावे करून घेतले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीअखेर दालनांना कुलपे लागली. त्याच एप्रिलमध्ये मूळ व्यवहारही बारगळला. बऱ्याच ठिकाणी काही काळाने 'स्मार्ट बझार'चा फलक चढला. गिऱ्हाईक बाहेर तर्क करीत होते आणि निकाल मात्र भाडेकराराच्या कागदावर आधीच लागलेला होता.

या पार्श्वभूमीवर माणकडे परत येऊ. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, कंपन्यांचे काम घरून सुरू झाले आणि हिंजवडी-माणमध्ये भाड्याने राहणारी तरुण मंडळी आपापल्या गावी परतली. खानावळी, वसतिगृहे, चहाच्या टपऱ्या, किराणा दुकाने या साऱ्यांचे गणित एकाच गिऱ्हाइकावर उभे होते, हे तेव्हा उघडे पडले. शेती गेलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी मोबदल्यात कर्जाची भर घालून इमारती बांधल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने भाडे हेच पीक होते. म्हणून रिकाम्या दालनाकडे पाहणाऱ्या दोन डोळ्यांत फरक असतो. संकुलात राहणाऱ्याचा प्रश्न असतो, 'आता दूध-भाजी कोठून आणायची?' जागामालकाचा प्रश्न असतो, 'हप्ता कोठून भरायचा?' दोघेही 'येणार म्हणे' असेच म्हणतात. एकाच्या बोलण्यात सोय असते, दुसऱ्याच्या बोलण्यात धास्ती. पलीकडच्या गल्लीतील किराणा दुकानदारही तेच दोन शब्द उच्चारतो, पण कोणी आलेच नाही तर बरे, असे त्याला मनातून वाटत असते.

आणखी एक बारकावा पाहण्याजोगा आहे. अशा ठिकाणी डी-मार्टचे नाव हटकून घेतले जाते. पण शक्यतो स्वतःच्या मालकीच्या अथवा अतिदीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरील जागेत दुकान काढायचे, हे त्या कंपनीचे जाहीर धोरण राहिले आहे. दुसऱ्या कोणी थोड्या वर्षांच्या कराराने घेऊन सोडलेल्या जागेत ते येण्याची शक्यता त्यामुळे मुळातच कमी. तरीही लोक तेच नाव घेतात, कारण वदंता व्यवहाराचे तर्कशास्त्र पाळत नाही, इच्छेचे पाळते. आपली वस्ती त्या नावाच्या लायकीची झाली, असे मानण्यात एक समाधान असते. 'आमच्याकडे अमुक आले' हे वाक्य गावाचे शहर झाल्याचा दाखला म्हणून मिरवले जाते.

या साऱ्या तर्कांत काय नसते, तेही मोजले पाहिजे. रिकाम्या दालनात भाजी-मंडई येणार म्हणे, असे सहसा कानी पडत नाही. वाचनालय, पाळणाघर, बचतगटांच्या मालाचे विक्रीकेंद्र, यांपैकी कशाचीही वदंता उठत नाही. ज्या नायगावात कामगारांनी वर्गणी काढून दुकान थाटले, त्यांच्यापेक्षा माणच्या संकुलांत राहणाऱ्यांचे उत्पन्न खचितच अधिक आहे. उणीव पैशाची नाही. उणीव 'आपण' या सर्वनामाची आहे. येथील कारभारही विभागलेला राहिला. गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे, उद्योगक्षेत्राचा औद्योगिक विकास महामंडळाकडे, नगररचनेचा २०१५ साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आणि संकुलातला ज्याच्या त्याच्या सोसायटीकडे. फुले यांना विरोध नोंदवायला सभागृह होते. येथे विरोध कोणत्या टेबलावर ठेवायचा, हेच चटकन सांगता येत नाही. मग नागरिकाचा प्रेक्षक होतो आणि प्रेक्षकाजवळ तर्क करण्यापलीकडे काही उरत नाही. 'हवे' या क्रियापदाची जागा 'येणार'ने घेतली, ती अशी. दीडशे वर्षांच्या आपल्या नागरी जीवनातील हे स्थित्यंतर व्याकरणातही उमटावे, ही भाषेच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशी गोष्ट आहे.

आणि येथेच मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी काही काम शिल्लक आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये आणि ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. पेठा, बाजार, धंदे, इमारती यांच्या नोंदी करणे हे त्या लेखकांना साहित्याबाहेरचे वाटले नाही. हिंजवडी-माणसारख्या, एका पिढीत भाताच्या खाचरांपासून काचेच्या मनोऱ्यांपर्यंत पोचलेल्या प्रदेशाचे असे वर्णन लिहिले जायला हवे. त्यासाठी मोठ्या प्रकल्पाची गरज नाही. एका रस्त्यावरची दुकाने घ्यावीत. कोणत्या वर्षी कोणता फलक होता, त्याआधी त्या जागी कोणाचे शेत होते, फलक का उतरला, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत लोक काय काय म्हणत होते, हे तारखेसह लिहून ठेवावे. यांतील पहिल्या तीन गोष्टी कधीतरी सातबाऱ्यात, करारांत, कर-पावत्यांत सापडतील. चौथी मात्र कोणत्याच दप्तरात मिळणार नाही. नवा फलक लागला की जुने तर्क लोक स्वतःच विसरतात, आणि जे आले तेच येणार होते, असे मानू लागतात. कुलूप निघण्याआधीच ती नोंद करावी लागते.