यथासमय प्रशिक्षण

माझ्या नोकरीचा बराच काळ महाराष्ट्राबाहेर, हिंदीभाषक राज्यांत गेला. तिथल्या फायलींत ‘यथासमय’ हा शब्द वारंवार भेटतो. आपण मराठीत ‘यथावकाश’ म्हणतो. २००३ साली एका जिल्ह्यात काम करताना मीही तो वापरला. अनेक गावांत शाळेची इमारत होती, मुले होती, पण शिकवणारे कोणी नव्हते. बारावी झालेल्या स्थानिक स्त्रीपुरुषांना मानधनावर नेमावे असा प्रस्ताव आला, तेव्हा मी टिपणी लिहिली : नेमणुका तात्काळ द्याव्यात, प्रशिक्षण यथासमय द्यावे. नेमणुकांचा निर्णय चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. परंतु त्यानंतर माझी बदली झाली आणि त्या टिपणीचा उत्तरार्ध फायलीतच राहिला.

२०१८ साली त्याच राज्यात एका परीक्षा केंद्राची पाहणी करण्याचा प्रसंग आला. प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेची परीक्षा होती आणि बाकांवर चाळिशी-पन्नाशीचे शिक्षक बसले होते. पेपर सुटल्यावर एका बाईंनी मला ओळखले. त्या म्हणाल्या, “सर, आमची नेमणूक तुमच्या वेळची. तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. पहिलीच्या मुलाला वाचायला कसे शिकवावे, हे मी चुका करत करत शिकले. ज्या मुलांवर चुका केल्या, ती तर केव्हाच शाळा सोडून गेली. हे शिक्षण तेव्हाच का नाही दिलेत?” मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नामुळे मी या विषयाच्या इतिहासाकडे वळलो.

शिक्षकाला शिकवण्याचे शिक्षण द्यावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यात शिक्षक तयार करणाऱ्या शाळांची आणि तिथे शिकणाऱ्यांना विद्यावेतन देण्याची शिफारस होती. म्हणजे शिकणाऱ्याने शिकण्याच्या काळात उपाशी राहू नये, एवढा विचार त्या परकीय सरकारनेही कागदावर केला होता.

प्रौढ वयात शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा खरा विचार मात्र समाजसुधारकांनी केला. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. तिथे विवाहित व विधवा स्त्रियांना शिक्षिका आणि परिचारिका होण्याचे शिक्षण मिळे. संसारी स्त्रियांचे वर्ग घरकाम उरकल्यानंतर, दुपारी भरत. तिकडे मद्रासेत सिस्टर सुब्बलक्ष्मी यांनी १९१२ साली बालविधवांसाठी वसतिगृह काढले आणि १९२२ मध्ये त्या लेडी विलिंग्डन ट्रेनिंग कॉलेजच्या पहिल्या प्राचार्या झाल्या. त्या स्वतः बालविधवा होत्या. पुढे १९४२ साली त्यांनी मैलापुरात प्रौढ स्त्रियांसाठी निराळी शाळा काढली. शिकणाऱ्याचे वय, तिची जबाबदारी आणि तिची मोकळी वेळ पाहून शिक्षणाची रचना करणे, ही या संस्थांची खरी शिकवण आहे.

स्वतंत्र भारतात शासनाने ही शिकवण एकदा मनापासून आचरणात आणली, ती राजस्थानात. १९८७ साली स्वीडनच्या साहाय्याने तिथे शिक्षाकर्मी योजना सुरू झाली. तिची कल्पना तिलोनिया येथील संस्थेच्या प्रयोगातून आली होती. दुर्गम गावांत बाहेरचा शिक्षक टिकत नसे, म्हणून गावातल्याच माणसांना शिक्षक केले. पुरुषांसाठी आठवी आणि स्त्रियांसाठी पाचवीपर्यंतचे शिक्षण पुरेसे मानले. मात्र वर्गात उभे करण्यापूर्वी त्यांना महिन्याहून अधिक काळ निवासी प्रशिक्षण दिले आणि पुढेही दरवर्षी पुन्हा दिले. स्त्रियांसाठी वेगळी प्रशिक्षण केंद्रे काढली. पात्रतेची अट सैल केली, पण प्रशिक्षणाची नाही. माझ्या टिपणीत नेमके याच्या उलट झाले होते.

पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवण्यास पाच वर्षांची मुदत मिळाली. त्या मुदतीत काम पुरे झाले नाही. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ३१ मार्च २०१९ ही अखेरची तारीख ठरली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने १८ महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. १३ लाखांहून अधिक शिक्षक त्यात दाखल झाले. त्यांत खासगी शाळांतील शिक्षकांची संख्या मोठी होती. संगणक, दूरचित्रवाणी आणि अभ्यासकेंद्रे यांच्या मदतीने नोकरी सांभाळून शिकायचे होते. बारावीत ५० टक्के गुण नसलेल्यांना आधी ते गुण सुधारावे लागले. आपल्या मुलाच्या बरोबरीने बारावीचे पुस्तक उघडणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

हे काम प्रचंड होते आणि ते पार पाडणाऱ्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. तरीही शिकणाऱ्यांचा त्रास तिथे संपला नाही. १८ महिन्यांची ही पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीची आहे का, हा वाद न्यायालयांत गेला. १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत असलेल्या आणि मुदतीत पदविका मिळवलेल्या शिक्षकांना सर्वोच्च न्यायालयाकडून दिलासा मिळाला तो डिसेंबर २०२४ मध्ये. त्यानंतर १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. या प्रकरणांत महाराष्ट्रातील प्रकरणही होते.

मुलांना पात्र शिक्षक मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न इतकाच की, शासनाने पुढे ढकललेल्या कामाचा भार पन्नाशीच्या शिक्षकाने एकट्याने का वाहावा? परीक्षा घ्यायची असेल तर तिच्या तयारीला शाळेच्या वेळेतून सवड द्यावी, वर्ग तालुक्याच्या ठिकाणी भरवावेत आणि त्या काळात शाळेला बदली शिक्षक द्यावा. यांपैकी कोणतीही गोष्ट प्रशासनाच्या आवाक्याबाहेरची नाही.

त्या बाईंना मी त्या दिवशी एवढेच म्हणालो की, चूक माझी होती. त्या किंचित हसल्या आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर किती वाजता आहे, हे केंद्रप्रमुखांना विचारायला गेल्या. आता नवे अधिकारी मला सल्ला विचारतात तेव्हा मी सांगतो : टिपणीत ‘यथासमय’ लिहायचेच असेल, तर त्यापुढे तारीख लिहा आणि पैशाची तरतूदही लिहा.