बॅडमिंटन

मधोमध बांधलेल्या जाळीवरून रॅकेटने शटल टोलवण्याचा खेळ. टेनिसमध्ये असतो तसा टप्पा यात नसतो. शटल जमिनीला टेकले की गुण गेला. बदकाच्या किंवा हंसाच्या १६ पिसांचे हे शटल ४.७४ ते ५.५० ग्रॅम वजनाचे असते. ते रॅकेटवरून विलक्षण वेगाने सुटते, पण पिसांना हवेचा मोठा अवरोध होत असल्याने लगेच मंदावते. घणाघाती स्मॅश आणि अलगद ड्रॉप हे दोन्ही फटके या खेळात सारखेच धारदार ठरतात, ते यामुळेच.

‘बॅडमिंटन’ हे नाव इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातल्या बॅडमिंटन हाउस या ड्यूक ऑफ ब्यूफर्ट घराण्याच्या वाड्यावरून आले. तिथे १८७३ मध्ये झालेल्या एका मेजवानीत खेळाचे बारसे झाले, अशी कथा सर्रास सांगितली जाते. ती टिकत नाही. १८६३ च्या ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्येच बॅडमिंटनचा उल्लेख असून, दोन बाजू करून ताणलेल्या दोरीवरून शटल टोलवण्याचा खेळ असे त्याचे वर्णन आहे. शटल नुसते हवेत झेलत ठेवण्याचा खेळ तर युरोपात त्याहून कितीतरी जुना आहे.

नाव इंग्लंडचे असले, तरी खेळाला शिस्त लावण्याचे श्रेय पुण्याकडे जाते. इथल्या लष्करी छावणीत ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळत. ‘पूना’ हेही त्याचे एक नाव होते आणि १८७३ च्या सुमारास त्याचे नियम पुण्यातच लिहिले गेले. वाड्याची गोष्ट सांगताना हा भाग गाळणे पुण्यावर अन्याय करणारे आहे. इंग्लंडमधील संघटना १८९३ मध्ये स्थापन झाली. जाळीपाशी निमुळते होणारे, डमरूच्या आकाराचे कोर्ट मात्र १९०१ पर्यंत टिकले. आजचे दुहेरीचे कोर्ट १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद असते. ऑल इंग्लंड स्पर्धा १८९९ मध्ये सुरू झाली. ऑलिंपिकमध्ये पदकांसाठीचा खेळ म्हणून बॅडमिंटनचा समावेश १९९२ मध्ये झाला.

सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय खेळाडू ठरले. ऑल इंग्लंड प्रकाश पदुकोण यांनी १९८० मध्ये आणि पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ मध्ये जिंकली. २०२२ मध्ये भारताने इंडोनेशियाला हरवून प्रथमच थॉमस करंडक मिळवला. त्या अंतिम लढतीतील दुहेरीचा विजय मुंबईकर चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांचा.