आजोबांच्या पानाच्या डब्यातील पुंगळी

आमच्या नल्लकुंट्यातील घरी आजोबांच्या पानाच्या डब्यात पितळेची एक रिकामी पुंगळी असे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरले. त्यानंतर काही दिवसांनी आजोबांनी ती नळदुर्गाजवळच्या रस्त्यावर उचलली होती. उर्दूत अशा वस्तूला ‘खोखा’ म्हणतात. लहानपणी तिच्या तोंडावर फुंकर मारून शिटी वाजविणे, एवढाच तिचा उपयोग आम्हांस ठाऊक होता.

पुढे महाविद्यालयात एन.सी.सी.च्या गोळीबार सरावात शेजारच्या छात्राच्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीतून उडालेली पुंगळी आमच्या कॉलरमध्ये शिरली आणि मान चांगलीच भाजली. ती त्या रायफलीची दिवसातील पहिलीच फैर होती, नळी अद्याप थंड होती. मग पुंगळी एवढी तापली कशाने? उस्तादांनी हसून विषय संपविला, परंतु आमच्या मनातून तो गेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना खर्ड्यापर्यंत मागे जावे लागते. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या रणांगणावर मराठ्यांसमोर निजामाच्या बाजूने फ्रेंच सेनानी रेमंड याच्या पलटणी उभ्या होत्या. त्याच्या तोफा ओतण्याच्या कारखान्याची स्मृती आपल्या शहरात ‘गनफाउंड्री’ या नावाने टिकून आहे. त्या काळच्या बंदुका ठासणीच्या. दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडून घालून गजाने ठासावी लागे. तरबेज शिपाईही मिनिटास दोन-तीनच फैरी झाडू शके. मागून उघडणारी बंदूक केली तर हा वेळ वाचेल, हे कारागिरांना फार पूर्वीच सुचले होते. अडचण एकच होती. मागचा सांधा कितीही नीट बसविला तरी जळत्या दारूचा वायू त्यातून नेमबाजाच्या तोंडावर येई. कागदी काडतुसाला तो अडविणे शक्य नव्हते.

ते काम धातूच्या पुंगळीने केले. चाप ओढताच आतील दारू पेटते. तिच्या वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते आणि दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे तीन हजार पट होतो. त्या दाबाने पातळ पितळ फुगून काडतुसाच्या घराच्या पोलादी भिंतीस घट्ट चिकटते. मागची वाट बंद होते आणि वायूला गोळी पुढे ढकलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपते, परंतु ज्वाळेचा प्रत्यक्ष स्पर्श पुंगळीस झालेला असतो. पितळ उष्णता चटकन शोषते. पुंगळी तापते ती वायूमुळे, नळीच्या घर्षणामुळे नव्हे. म्हणूनच पहिल्या फैरीची पुंगळीही भाजते. सतत गोळीबार चालला की तापलेल्या घराची उष्णता तिच्यात आणखी भर घालते.

गोळी नळीबाहेर पडताच दाब ओसरतो आणि पितळ आपल्या लवचिकतेने केसभर आक्रसते. भिंतीची पकड सुटते. शिपाई बोल्टची मूठ उचलतो तेव्हा तिरप्या खाचेमुळे बोल्ट थोडा मागे सरकतो आणि चिकटलेली पुंगळी सैल होते. बोल्टच्या तोंडावरील स्प्रिंगचा आकडा तिच्या बुडाची कड धरून तिला मागे ओढतो. शेवटी ती डाव्या भिंतीतील एका अडसरावर आपटते आणि उजवीकडे उडते. आमच्या मानेपर्यंत ती याच वाटेने आली. जाताना ती आपल्या वाट्याची उष्णताही बंदुकीबाहेर नेते. पुढे जर्मनीत बिनपुंगळीच्या काडतुसांची ‘जी-११’ रायफल तयार झाली, तेव्हा उष्णता आतच राहून काडतूस आपोआप पेटण्याचा धोका अभियंत्यांना प्रकर्षाने जाणवला.

पुंगळी सुटली नाही तर काय होते, याची किंमत सैनिकांनी प्राणांनी मोजली आहे. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानमधील अबू क्लिआच्या लढाईत ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफली ऐन हातघाईत अडकल्या. त्यांची काडतुसे पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली होती. तापलेल्या, वाळूने माखलेल्या घरात पत्रा रुतून बसे आणि आकडा नुसतेच बूड उपटून आणी. त्यानंतर एकाच तुकड्यातून ओढून घडविलेल्या अखंड पितळी पुंगळीने त्या काडतुसाची जागा घेतली. आपल्या देशातील पावसाळ्याने या पितळेचीही परीक्षा पाहिली. तबेल्यांत साठविलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकू लागल्या. घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया आणि घडणीच्या वेळी पितळात राहिलेला ताण हे त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. बेताची आच देऊन तो ताण काढणे, हा त्यावरील उपाय ठरला.

सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांचे हे पितळ आपल्या परिचयाचे आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात अशी काडतुसे पिढ्यान् पिढ्या घडली. निवृत्तीनंतर एके दिवशी आम्ही आजोबांची पुंगळी चिंच लावून घासली. बुडाशी ‘के’ आणि ‘एफ’ ही रोमन अक्षरे उमटली. ती खडकीच्या कारखान्याची खूण. ज्या गोळीबाराचा आवाज आजोबांनी कान झाकून ऐकला होता, त्याचे पितळ मराठी मुलखातच घडले होते. आजोबा हयात असते तर त्यांना हे सांगता आले असते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या ट्रंकांत अशा वस्तू असतील. न उडालेले काडतूस सापडल्यास त्यास हात न लावता पोलिसांस कळवावे. रिकामी पुंगळी असेल तर मात्र ती मोडीत घालण्यापूर्वी बुडाची अक्षरे वाचावीत आणि ती कोणी, कोठून आणली हे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे. आम्ही ते विचारण्यास उशीर केला.